वन्य जीव सल्लागार मंडळे

वन्य जीव सल्लागार मंडळे : शिकारीचे नियमन, वन्य प्राणी व वनस्पती यांचे संरक्षण आणि त्यांसाठी राखून ठेवावयाच्या क्षेत्रांची निवड व व्यवस्था यांबाबत शासनास सल्ला देण्याकरिता कायद्याने वा शासकीय ठरावाने स्थापन केलेली मंडळे. भारतात अशी मंडळे केंद्र व राज्य या दोन्ही पातळ्यांवर आहेत. २००३ पूर्वी राज्यांतील मंडळांना ‘वन्य जीव सल्लागार मंडळ’ असे नाव होते. त्यानंतर त्यांना ‘राज्य वन्य जीव मंडळ’ असे म्हणतात. मंडळात लोकप्रतिनिधी, शासकीय अधिकारी, प्राणिशास्त्रज्ञ, निसर्गाभ्यासक व आदिवासींचे प्रतिनिधी असतात. प्रत्यक्ष आदेश देण्याचा अधिकार सामान्यतः मंडळाला नसतो. तो शासनाला किंवा मुख्य वन्य जीव रक्षक या अधिकाऱ्याला असतो. मात्र काही बाबतींत मंडळाचा विचार घेतल्याशिवाय शासनाला पुढे जाता येत नाही.

कोणी, कोणत्या ऋतूत, कोणता प्राणी मारावा हे ठरविण्याच्या गरजेतून या मंडळांची कल्पना पुढे आली. शिकार बंद झाल्यावर त्यांचे लक्ष अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने यांकडे वळले. अभयारण्यांच्या सीमेबाहेर, शेतांत व वस्त्यांलगत राहणाऱ्या वन्य प्राण्यांचा प्रश्न मात्र गेल्या काही दशकांत तीव्र झाला आहे. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील कवठे येमाई, जांबूत, पिंपरखेड या गावांचा परिसर हे त्याचे ठळक उदाहरण होय. मंडळांचे कार्य आणि त्या कार्याच्या मर्यादा या दोन्ही गोष्टी तेथे स्पष्ट होतात.

पूर्वपीठिका : ब्रिटिश अमदानीतील संरक्षणाचे कायदे मर्यादित स्वरूपाचे होते. १८७९ चा कायदा केवळ हत्तींपुरता होता. १८८७ च्या कायद्याने पक्ष्यांच्या विणीच्या हंगामात त्यांच्या विक्रीवर काही निर्बंध घातले, तर १९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्याने ‘बंद हंगामा’ची तरतूद केली. राखीव जंगलांतील शिकारीचे नियम वनखाते करीत असे. संस्थानांच्या हद्दीतील शिकारीची राने दरबाराच्या मालकीची असत. या सर्व व्यवस्थेत शिकार हा हक्क वा बहुमान मानला जाई आणि तो हक्क टिकून राहावा, एवढ्यापुरतेच प्राण्यांचे रक्षण होई. तरीही या निर्बंधांमुळेच काही राने वाचली, हे नमूद केले पाहिजे. ताडोबाच्या जंगलात १९३५ साली शिकारबंदी करण्यात आली आणि पुढे १९५५ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. कोल्हापूर संस्थानच्या शिकारीच्या रानांपैकी दाजीपूर येथे १९५८ मध्ये गव्यांसाठी अभयारण्य स्थापन झाले. ते महाराष्ट्रातील पहिले अभयारण्य समजले जाते.

स्वातंत्र्यानंतर तत्कालीन मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य प्राणी व वन्य पक्षी संरक्षण अधिनियम केला. देशातील या विषयावरील आरंभीच्या सर्वंकष कायद्यांत त्याची गणना होते. त्याचा मसुदा तयार करण्यात बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे (स्थापना १८८३) पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांचा मोठा वाटा होता. ते स्वतः निष्णात शिकारी होते. शिकाऱ्याला रानाची व प्राण्यांच्या सवयींची असलेली माहिती संरक्षणाच्या कामी लावण्याची जी परंपरा पुढे मंडळांत दिसते, तिचा आरंभ अशा व्यक्तींपासून झाला.

भारतीय वन्य जीव मंडळ : भारत सरकारने १९५२ मध्ये एका ठरावान्वये केंद्रीय मंडळाची स्थापना केली. त्याचे पहिले अध्यक्ष म्हैसूरचे महाराज जयचामराज वडियार हे होते आणि पहिली बैठक त्याच वर्षी म्हैसूर येथे भरली. सलीम अली, ई. पी. जी यांसारखे अभ्यासक या मंडळाच्या कार्याशी संबंधित होते. मंडळ सल्लागार स्वरूपाचे होते. वने व वन्य प्राणी हे विषय त्या काळी राज्यांच्या अखत्यारीत असल्याने मंडळाच्या शिफारशींची अंमलबजावणी राज्यांच्या इच्छेवर अवलंबून असे. तथापि राष्ट्रीय पातळीवर एक मत तयार करण्याचे काम मंडळाने केले. १९६३ मध्ये मोराला राष्ट्रीय पक्षी म्हणून मान्यता मिळाली, त्या निवडीत मंडळाचा सहभाग होता. १९६९ मध्ये मंडळाने वाघाच्या शिकारीवर बंदी घालण्याची शिफारस केली. त्याच वर्षाच्या अखेरीस नवी दिल्ली येथे निसर्गसंरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अधिवेशन भरले आणि वाघाच्या घटत्या संख्येकडे जगाचे लक्ष वेधले गेले. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली. मंडळाचे तत्कालीन अध्यक्ष करण सिंह यांच्या नेतृत्वाखालील कृती दलाने तयार केलेल्या आराखड्यानुसार १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ क्षेत्रांत महाराष्ट्रातील मेळघाटचा समावेश होता. पुढे या मंडळाचे अध्यक्षपद पंतप्रधानांकडे आले. १९८२ च्या बैठकीत राष्ट्रीय वन्य जीव कृती आराखड्याची रूपरेषा मान्य होऊन १९८३ मध्ये तो आराखडा अमलात आला.

१९७२ चा अधिनियम व राज्य सल्लागार मंडळे : वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २५२ खाली, अनेक राज्यांच्या विधिमंडळांनी केलेल्या ठरावांच्या आधारे संसदेने संमत केला. या अधिनियमाच्या कलम ६ अन्वये प्रत्येक राज्यात वन्य जीव सल्लागार मंडळ स्थापन करणे बंधनकारक झाले. वनमंत्री हे अध्यक्ष, विधिमंडळाचे दोन सदस्य, वनविभागाचे सचिव व प्रमुख वनाधिकारी, मुख्य वन्य जीव रक्षक, शासनाने नेमलेले जास्तीत जास्त पाच अधिकारी आणि वन्य जीवांच्या संरक्षणात रस असलेल्या जास्तीत जास्त दहा व्यक्ती अशी मंडळाची रचना होती. या दहा जणांत आदिवासींच्या प्रतिनिधींचाही समावेश करावयाचा होता. मंडळाची बैठक वर्षातून किमान दोनदा, राज्य शासन ठरवील त्या ठिकाणी भरावी, असे कलम ७ मध्ये म्हटले आहे.

मंडळाची कर्तव्ये कलम ८ मध्ये दिली आहेत. मूळ कलमानुसार मंडळाने पुढील बाबतींत सल्ला द्यावयाचा होता : (१) अभयारण्ये, राष्ट्रीय उद्याने व बंद क्षेत्रे यांची निवड व व्यवस्था, (२) अधिनियमाखाली द्यावयाच्या अनुज्ञप्ती व परवाने यांविषयीचे धोरण, (३) अनुसूचींतील दुरुस्त्या आणि (४) आदिवासींच्या गरजा व वन्य जीवांचे संरक्षण यांचा मेळ. यांपैकी दुसरे कर्तव्य विशेष लक्षणीय आहे. १९७२ च्या अधिनियमाने शिकार सरसकट बंद केली नव्हती. पहिल्या अनुसूचीतील दुर्मिळ प्राण्यांना पूर्ण संरक्षण होते. इतरांसाठी विशेष शिकार, मोठी शिकार व लहान शिकार असे परवान्यांचे वर्ग होते आणि प्राणी पकडण्यासाठी सापळ्याचा परवाना वेगळा असे. परवानाधारकाने मारलेल्या वा पकडलेल्या प्राण्यांची नोंद ठेवून ती अधिकाऱ्याकडे द्यावयाची असे. म्हणजे मंडळाचे निम्मे काम अद्याप जुन्या अर्थाने शिकारीच्या नियमनाचेच होते.

१९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वने व वन्य जीव हे विषय समवर्ती सूचीत आले आणि वन्य जीवांचे रक्षण हे राज्याचे मार्गदर्शक तत्त्व व नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरले. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरील शिकारीची तरतूदच रद्द झाली. त्याबरोबर कलम ८ मधील ‘अनुज्ञप्ती व परवाने यांविषयीचे धोरण’ हे शब्द जाऊन त्यांच्या जागी ‘वन्य जीव व विनिर्दिष्ट वनस्पती यांच्या संरक्षणाचे धोरण’ असे शब्द आले. या बदलाने सल्लागार मंडळ हे खऱ्या अर्थाने शिकारीच्या मंडळाचे संरक्षणाचे मंडळ झाले.

२००२ ची दुरुस्ती : १ एप्रिल २००३ पासून अमलात आलेल्या या दुरुस्तीने भारतीय वन्य जीव मंडळाच्या जागी पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय वन्य जीव मंडळ आले आणि त्याला कायद्याचा आधार मिळाला. राज्य मंडळाचे अध्यक्षपद मुख्यमंत्र्यांकडे व उपाध्यक्षपद वनमंत्र्यांकडे आले. विधिमंडळाचे तीन सदस्य, स्वयंसेवी संस्थांचे तीन प्रतिनिधी, नामवंत संरक्षक, परिस्थितिवैज्ञानिक व पर्यावरणतज्ज्ञ यांपैकी दहा जण (त्यांत अनुसूचित जमातींचे किमान दोन) आणि वन, आदिवासी कल्याण, पर्यटन, पोलीस, सैन्यदल, पशुसंवर्धन व मत्स्यव्यवसाय या खात्यांचे प्रतिनिधी मंडळात असतात. भारतीय वन्य जीव संस्था (डेहराडून), भारतीय प्राणी सर्वेक्षण व भारतीय वनस्पती सर्वेक्षण यांनाही स्थान आहे. मुख्य वन्य जीव रक्षक हे सदस्य-सचिव असतात.

या दुरुस्तीने काही बाबतींत सल्ल्याला बंधनकारक महत्त्व आले. राष्ट्रीय मंडळाच्या शिफारशीवाचून अभयारण्याच्या वा राष्ट्रीय उद्यानाच्या सीमांत बदल करता येत नाही. अभयारण्यातून रस्ता, कालवा किंवा वीजवाहिनी न्यावयाची असल्यास तो प्रस्ताव मुख्य वन्य जीव रक्षकांच्या अभिप्रायासह राज्य मंडळापुढे व तेथून राष्ट्रीय मंडळाच्या स्थायी समितीपुढे जातो. त्यामुळे मंडळांच्या कामाचा मोठा भाग अशा प्रस्तावांच्या छाननीने व्यापला आहे. पूर्ण राष्ट्रीय मंडळाच्या बैठका मात्र विरळ झाल्या. २०१२ नंतरची बैठक ३ मार्च २०२५ रोजी गीर येथे भरली. मधल्या काळातील काम स्थायी समितीने पाहिले. २०२२ च्या दुरुस्तीने (अंमल १ एप्रिल २०२३) अनुसूचींची संख्या सहावरून चारवर आणली आणि राज्य मंडळांनाही स्थायी समिती नेमण्याची मुभा दिली.

महाराष्ट्रातील कार्य : राज्यात सहा राष्ट्रीय उद्याने, सहा व्याघ्र प्रकल्प आणि अनेक अभयारण्ये आहेत. ती घोषित करण्याच्या प्रक्रियेत सल्लागार मंडळाचा विचार घेतला जातो. पुणे जिल्ह्यात व त्यालगत भीमाशंकर (१९८५) हे शेकरूसाठी, सुपे येथील मयूरेश्वर (१९९७) हे चिंकाऱ्यासाठी व शेजारच्या अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील रेहेकुरी (१९८०) हे काळविटासाठी प्रसिद्ध आहे. यांपैकी मयूरेश्वरचे क्षेत्र केवळ सु. ५·१४ चौ. किमी. व रेहेकुरीचे सु. २·१७ चौ. किमी. आहे. माळरानातील प्राण्यांना सलग मोठे क्षेत्र राखून देणे किती कठीण असते, हे या आकड्यांवरून दिसते.

याच्या उलट टोकाचे उदाहरण माळढोक अभयारण्याचे होय. १९७९ मध्ये सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांतील सु. ८,४९६ चौ. किमी. क्षेत्र माळढोक पक्ष्यासाठी घोषित करण्यात आले. त्यात गावे, खाजगी शेते, रस्ते व बाजारपेठा यांचाही समावेश झाला. पक्षी मूठभर जागी आणि निर्बंध मात्र हजारो शेतकऱ्यांच्या जमिनींवर, अशी परिस्थिती निर्माण झाली. जमिनींचे व्यवहार व बांधकामे अडल्याने लोकांत असंतोष वाढला. दीर्घ विचारविनिमयानंतर अभयारण्याचे क्षेत्र सु. १,२२२ चौ. किमी. इतके कमी करण्यात आले. तोपर्यंत पक्ष्यांची संख्या अत्यल्प झाली होती. नकाशावर मोठी सीमा आखल्याने संरक्षण होतेच असे नाही, हा धडा या प्रकरणाने दिला.

अलीकडील काळात राज्य मंडळाने राखीव संवर्धन क्षेत्रांवर भर दिला आहे. ही क्षेत्रे शासकीय जमिनीवर, स्थानिकांशी विचारविनिमय करून घोषित होतात आणि त्यांच्या व्यवस्थापन समितीत संबंधित ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी असतात. डिसेंबर २०२० च्या बैठकीत सह्याद्रीतील अनेक संवर्धन क्षेत्रांना व चंद्रपूर जिल्ह्यातील कन्हाळगाव अभयारण्याला मंडळाने मान्यता दिली. ‘ब्लू मॉरमॉन’ हे फुलपाखरू २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडण्याचा निर्णयही मंडळाच्या बैठकीतलाच होय.

अभयारण्याबाहेरील प्रश्न – कवठे येमाई परिसर : येमाई देवीच्या देवस्थानामुळे परिचित असलेले कवठे येमाई हे गाव शिरूर तालुक्याच्या उत्तर भागात आहे. हा भाग मूळचा पर्जन्यछायेतला. माळराने, बाजरी-ज्वारीची शेते आणि ओढ्याकाठची झाडी असे त्याचे जुने रूप होते. लांडगा, ससा, तित्तिर व मोर हे तेथील परिचित वन्य जीव होत. तालुक्यातील मोराची चिंचोली हे गाव तर मोरांवरूनच ओळखले जाते. घोड व कुकडी या नद्यांवरील धरणे व कालवे झाल्यावर बारमाही पाणी आले आणि उसाचे क्षेत्र वाढत गेले. ऊस वर्षभर वा त्याहून अधिक काळ उभा राहतो. तो दाट, उंच व थंड असतो, त्यात माणसाची वर्दळ कमी असते आणि पाणी जवळ असते. लगतच्या वाड्या-वस्त्यांवर कुत्री, शेळ्या व वासरे सहज मिळतात. बिबळ्याला (बिबट्याला) याहून सोयीचे स्थान सापडणे कठीण. आज या भागात अशा बिबळ्यांच्या अनेक पिढ्या उसातच जन्मल्या व वाढल्या आहेत. ऊसतोडीच्या हंगामात फडात पिले आढळतात, तेव्हा ती त्याच जागी खोक्यात ठेवून रात्री मादीकडे परत जाऊ देण्याची पद्धत वनखात्याने रूढ केली आहे [⟶ बिबळ्या].

हा परिसर जुन्नर वनविभागात येतो. जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूर या तालुक्यांच्या या विभागात २००१ ते २००३ या काळात माणसांवरील हल्ले एकाएकी वाढले. शंभरावर बिबळे पिंजऱ्यांत पकडले गेले व त्यांपैकी काही दूरच्या वनांत सोडण्यात आले. या उपायाचा परिणाम विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तपासला आहे. त्यानुसार २९ बिबळे सरासरी सु. ४० किमी. अंतरावर सोडल्यानंतर हल्ल्यांचे वार्षिक प्रमाण चारवरून सतरावर गेले आणि प्राणघातक हल्ल्यांचा वाटा सु. १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेला. अपरिचित जागी सोडलेला प्राणी आपल्या प्रदेशाकडे परतू पाहतो व वाटेत माणसांच्या वस्त्यांतून फिरतो. रिकाम्या झालेल्या जागी दुसरा बिबळ्या येतो. केंद्र शासनाने २०११ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत अशा स्थलांतराला पर्याय शोधण्यावर भर देण्यात आला. शेजारच्या अकोले तालुक्यातील शेतीप्रदेशात दर १०० चौ. किमी. क्षेत्रात सु. पाच प्रौढ बिबळे राहतात आणि त्यांच्या आहारात पाळीव कुत्र्यांचा वाटा सर्वांत मोठा असतो, असेही याच संशोधकांना आढळले. पकडलेल्या व सोडता न येणाऱ्या बिबळ्यांसाठी जुन्नरजवळ माणिकडोह येथे निवारा केंद्र आहे.

हल्ले पूर्णपणे थांबले नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये पिंपरखेड-जांबूत भागात सु. तीन आठवड्यांत दोन बालके व एक वृद्ध स्त्री बिबळ्याच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडली. लोकक्षोभ उसळला, पुणे-नाशिक महामार्ग रोखण्यात आला आणि नोव्हेंबरच्या आरंभी वनखात्याने परवानगी घेऊन एक बिबळ्या गोळी घालून मारला. मृताच्या वारसांना द्यावयाची रक्कम राज्याने २०२३ मध्ये २५ लाख रुपये केली आहे. परंतु पहाटे दूध घालण्यास व रात्री पिकास पाणी देण्यास बाहेर पडणाऱ्या कुटुंबाच्या भीतीचे मोल रकमेत होत नाही. दिवसा वीजपुरवठा व्हावा ही या भागातील शेतकऱ्यांची मागणी म्हणूनच वन्य जीवांच्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे.

कायद्याची स्थिती : अशा प्रसंगी मंडळाचे स्थान कोठे, हे समजण्यासाठी कायद्यातील ‘शिकार’ या शब्दाचा अर्थ पाहावा लागतो. १९७२ च्या अधिनियमाच्या व्याख्येनुसार शिकार म्हणजे केवळ ठार मारणे नव्हे. पकडणे, सापळा लावणे, हाकारणे हीसुद्धा शिकारच होय. त्यामुळे उसाच्या कडेला पिंजरा लावणे ही कायद्याच्या दृष्टीने शिकार ठरते. बिबळ्या पहिल्या अनुसूचीत असल्याने कलम ११ अन्वये तिला केवळ मुख्य वन्य जीव रक्षकच, प्राणी मानवी जीवितास धोकादायक झाला आहे वा बरा न होण्याइतका जखमी अथवा रोगग्रस्त आहे अशी खात्री झाल्यावर, कारणे नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतात. प्राणी पकडणे, बेशुद्ध करणे वा अन्यत्र हलविणे शक्य नाही, अशी खात्री पटल्याशिवाय ठार मारण्याचा आदेश देता येत नाही. स्वतःच्या वा दुसऱ्याच्या रक्षणासाठी सद्‌भावनेने प्राणी मारल्यास तो गुन्हा ठरत नाही; मात्र मृत प्राणी शासनाची मालमत्ता होतो. बिबळ्यांच्या संख्यावाढीवर निर्बीजीकरणाने नियंत्रण ठेवावयाचे असल्यास ते कलम १२ मधील ‘शास्त्रीय व्यवस्थापना’त मोडते व त्यास केंद्र शासनाची पूर्वपरवानगी लागते.

दुसऱ्या अनुसूचीतील प्राण्यांबाबत नियम सैल आहेत. त्यांच्यापासून मालमत्तेला किंवा उभ्या पिकाला धोका असला तरी परवानगी देता येते आणि तो अधिकार इतर अधिकाऱ्यांकडेही सोपविता येतो. रानडुक्कर व नीलगाय यांचा समावेश या अनुसूचीत आहे. बिबळ्याला पहिल्या अनुसूचीतून दुसऱ्या अनुसूचीत आणावे, या २०२५ मध्ये जाहीरपणे पुढे आलेल्या मागणीचा कायदेशीर अर्थ हाच आहे. मागणीच्या बाजूने निर्णयाची तत्परता हे कारण दिले जाते. विरुद्ध बाजूने असे सांगितले जाते की, शेळी वा वासरू गेल्यावरही परवानगी मिळू लागल्यास नरभक्षक नसलेले बिबळेच अधिक मारले जातील आणि रिकाम्या जागी नवे प्राणी येत राहतील. अनुसूचीत बदल करण्याचा अधिकार केंद्र शासनाला असला, तरी अशा दुरुस्तीबाबत राज्य शासनाला सल्ला देणे हे कलम ८ नुसार राज्य मंडळाचे कर्तव्य आहे. एखाद्या विशिष्ट बिबळ्याविषयीचा आदेश मंडळाच्या कक्षेबाहेरचा. परंतु असे आदेश कोणत्या निकषांवर व किती वेळात निघावेत, याचे धोरण ठरविण्यास मंडळ साहाय्य करू शकते.

इतर देशांतील मंडळे : पूर्वीच्या पश्चिम जर्मनीत १९५२ साली, म्हणजे भारतीय मंडळाच्या स्थापनेच्याच वर्षी, शिकारविषयक संघीय कायदा झाला. आज तो संपूर्ण जर्मनीस लागू आहे. तेथे शिकारीचा हक्क जमिनीच्या मालकीशी निगडित असून प्रत्येक घटकराज्यात शिकार सल्लागार मंडळ असते. त्यात शेती, वनव्यवसाय, जमीनधारकांचे शिकारविषयक संघ, शिकारी व निसर्गसंरक्षण या सर्वांचे प्रतिनिधी असणे कायद्याने आवश्यक आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातील एल्क हरणांची संख्या बेसुमार वाढली, तेव्हा गृहखात्याचे मंत्री स्टुअर्ट यूडॉल यांनी स्टार्कर लिओपोल्ड यांच्या अध्यक्षतेखाली पाच तज्ज्ञांचे सल्लागार मंडळ नेमले. संख्या कमी करणे आवश्यक आहे. पण ते काम हौशी शिकाऱ्यांनी नव्हे, तर उद्यानाच्या कर्मचाऱ्यांनी करावे, असा अभिप्राय मंडळाने १९६३ च्या अहवालात दिला. नेमका प्रश्न, थोडे तज्ज्ञ व सर्वांना वाचता येईल असा अहवाल यांमुळे त्या मंडळाचा प्रभाव दीर्घकाळ टिकला.

मूल्यमापन : शिकारीवर बंदी, व्याघ्र प्रकल्प आणि संरक्षित क्षेत्रांचे जाळे ही भारतातील मंडळांच्या कार्याची फलिते होत. त्यांच्या सल्ल्यामुळे अनेक प्राणी नामशेष होण्यापासून वाचले. तथापि मंडळांची रचना व कार्यपद्धती ही राखीव क्षेत्रांचा विचार समोर ठेवून झालेली आहे. राज्य मंडळात पशुसंवर्धन, मत्स्यव्यवसाय व पर्यटन यांना स्थान आहे. कृषी, महसूल व ऊर्जा या खात्यांना नाही. आदिवासींच्या प्रतिनिधित्वाची तरतूद आहे, परंतु वनाबाहेर वन्य प्राण्यांच्या सान्निध्यात राहणाऱ्या शेतकऱ्याच्या प्रतिनिधित्वाची नाही. बिबळ्यांची गणनाही मुख्यतः वनक्षेत्रांतून होते. २०२२ च्या अंदाजात महाराष्ट्रात १,९८५ बिबळे नोंदले गेले, त्यात उसाच्या फडांतील संख्येचे पूर्ण प्रतिबिंब पडत नाही. जेथे प्रश्न सर्वांत तीव्र आहे, तेथली माहिती व तेथला आवाज दोन्ही मंडळापर्यंत अपुऱ्या प्रमाणात पोचतात.

हे अंतर कमी करण्याची साधने कायद्यातच आहेत. जिल्ह्यांत मानद वन्य जीव रक्षक नेमता येतात. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये ग्रामपंचायत पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समित्या असतात आणि त्यांच्या नोंदवह्यांतून हल्ल्यांच्या व प्राण्यांच्या वावराच्या नोंदी मिळू शकतात. मंडळाची बैठक कोठे भरवावी याचेही बंधन नाही. ती राजधानीत भरू शकते, तशीच जुन्नर वा शिरूर येथेही भरू शकते. शिकारीच्या काळातील मंडळांना रानाची खबर शिकाऱ्यांकडून मिळत असे. शिकारी गेल्यानंतर ती खबर ज्याच्याजवळ राहिली आहे, तो उसाच्या बांधावरचा शेतकरी होय. त्याचा अनुभव सल्ल्याच्या प्रक्रियेत आल्यास बिबळ्याचे संरक्षण व माणसाची सुरक्षितता ही परस्परविरोधी उद्दिष्टे राहणार नाहीत.